फी बाराशे, खर्च सत्तावीसशे: कलेच्या क्लासचा घरगुती हिशेब

गाणं, नाच, चित्रकला किंवा नाटक, कशाच्याही क्लासमध्ये चौकशीला गेलं की आपण आधी महिन्याची फी विचारतो. तेवढ्यावर परवडेल की नाही ते ठरवतो आणि नाव नोंदवून येतो. पुढे परीक्षेचा अर्ज, स्नेहसंमेलनाची वर्गणी, नवा पोशाख, लांबच्या केंद्रावर जाण्याचा खर्च असं एकेक पुढ्यात येतं. वर्ष संपायच्या आत कितीतरी मुलांचा क्लास सुटतो तो याच ओढाताणीत. घरातली ज्येष्ठ माणसं तर खर्चाचं कारण सांगतही नाहीत, 'आता नको वाटतं' म्हणून थांबतात. घरात दिव्यांग मूल किंवा प्रौढ असेल तर या यादीत आणखी तीन-चार रकमा वाढतात, आणि त्यांतल्या काही मुळात त्या घराने भरायलाच नकोत.

म्हणून आधी एक नमुना हिशेब मांडते. मध्यम आकाराच्या शहरात एका मुलीला कथकच्या क्लासला घातलं आहे, आठवड्यातून दोन दिवस, फी महिना १,२०० रुपये. वर्षाची फी १४,४०० रुपये. प्रवेश शुल्क ५००. घुंगरू १,५००. सरावाचे दोन पोशाख १,६००. परीक्षेचा अर्ज आणि केंद्राचा खर्च मिळून १,०००. स्नेहसंमेलनाला भाड्याचा पोशाख, मेकअप आणि सभागृहाच्या भाड्यातला वाटा धरून २,८००. इथवर २१,८०० रुपये होतात. आता रिक्षा. एका वेळेचे ६० रुपये, जाऊन-येऊन १२०, महिन्याला आठ खेपा, सुट्टीचा एक महिना वगळून अकरा महिने, म्हणजे १०,५६०. सगळं मिळून ३२,३६० रुपये, महिन्याला जवळपास २,७००. फीच्या दुपटीहून जास्त पैसे लागले आणि त्यांतला सर्वांत मोठा जादा खर्च प्रवासाचा निघाला. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पण हिशेब याच क्रमाने करा. चालत जाण्याजोग्या अंतरावरचा १,५०० रुपयांचा क्लास हा रिक्षाने जायच्या १,२०० रुपयांच्या क्लासपेक्षा स्वस्त पडतो.

स्वस्त आणि चांगलं, दोन्ही कुठे मिळतं

खासगी क्लासकडे वळण्याआधी सार्वजनिक संस्था पाहाव्यात. मुंबईत चर्नी रोडला शासनाचं जवाहर बालभवन आहे, पुण्यात सारसबागेजवळ गरवारे बालभवन आहे. लहान मुलांना नाच, गाणं, चित्र, माती, नाटक यांची गोडी लावायची तर अशा ठिकाणी खर्च खासगी क्लासपेक्षा बराच कमी येतो, शिवाय मुलाचा कल कशाकडे आहे ते एका वर्षात कळतं. महागडं वाद्य घेण्याआधी हे वर्ष फार उपयोगी पडतं. पिंपरी-चिंचवड महापालिका स्वतःची संगीत अकादमी चालवते. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवलं जातं. आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागात आणि समाजविकास विभागात एकदा जाऊन चौकशी करावी. तिथल्या उपक्रमांची जाहिरात फार होत नाही, त्यामुळे जागा रिकाम्या राहतात.

दुसरा गट जुन्या विश्वस्त संस्थांचा. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला पुण्याचा भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धनांचं पुण्यातलं गांधर्व महाविद्यालय, कोल्हापूरचा १८८३ पासूनचा देवल क्लब. अशा संस्थांत फी सहसा आटोक्यात असते आणि शिक्षकाच्या आजारपणामुळे सगळं शिक्षणच थांबलं असं होत नाही. अडचण एकच, इमारती जुन्या. जिना चढावा लागतो, स्वच्छतागृह खाली किंवा मागे असतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना किंवा व्हीलचेअरवरच्या मुलाला न्यायचं असेल तर फी विचारण्याआधी तळमजल्यावर वर्ग भरतो का हे विचारा. नसेल तर तशी मागणी करा. एक वर्ग खाली आणायला संस्थेला बहुधा खर्च येत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं एवढंच.

ज्येष्ठांसाठी ज्येष्ठ नागरिक संघ आणि महापालिकांची विरंगुळा केंद्रं आहेत. संघाची वर्गणी साधारणपणे वर्षाला काही शे रुपये असते. तिथे जागा आणि माणसं दोन्ही तयार असतात, कमी असतो तो शिक्षक. दहाबारा जणांनी मिळून शिक्षक आणला की काम होतं, त्याचा हिशेब पुढे देते. आणि भजनी मंडळाला विसरू नका. सात वर्षांच्या नातीपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे एका सतरंजीवर बसतात, दृष्टिहीन माणूस पखवाज वाजवतो, ज्याला शब्द उच्चारता येत नाहीत तो टाळ धरतो, आणि प्रवेश परीक्षा कोणी घेत नाही. सर्व वयांच्या आणि क्षमतांच्या माणसांना सामावून घेणारा कलेचा उपक्रम म्हणून आज ज्याची चर्चा होते, तो महाराष्ट्रात गावोगाव असा चालू आहे. खर्च टाळांच्या जोडीचा.

खासगी क्लासचे दर आणि त्यात काय धरलेलं असतं

गटात शिकवणाऱ्या खासगी क्लासची फी तालुक्याच्या गावी साधारण ४०० ते ८०० रुपये महिना, मोठ्या शहरात ८०० ते २,५०० रुपये असते. एकट्याला शिकवणी हवी असेल तर तासाला ३०० पासून १,५०० रुपयांपर्यंत दर ऐकायला मिळतात. नावाजलेल्या गुरूंचे दर वेगळे. हा फरक शिकवण्याच्या दर्जापेक्षा जागेच्या भाड्यामुळे जास्त पडतो. कोथरूड किंवा दादरमधला क्लास महाग असतो तो तिथल्या जागेमुळे. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या नावापेक्षा नियमित येणारा आणि प्रत्येक मुलाकडे बघणारा शिक्षक मोलाचा, असं माझं ठाम मत आहे.

चौकशीच्या वेळी गटात किती जण आहेत, महिन्यात नक्की किती वर्ग होतात आणि शिक्षक आले नाहीत तर तो वर्ग भरून मिळतो का, हे विचारून घ्या. फी महिन्याची असली तरी तुलना तासाच्या दराने करा. वीस जणांच्या गटात तासाला १०० रुपये देणं आणि सहा जणांच्या गटात १५० देणं यांत दुसरा व्यवहार चांगला.

कराचीही चौकशी करावी. व्यक्ती स्वतः शिकवत असेल तर कला-संस्कृतीच्या प्रशिक्षणावर जीएसटी लागत नाही. पूर्वी संस्थांनाही ही सवलत होती, जुलै २०२२ पासून ती व्यक्तीपुरतीच उरली. त्यामुळे कंपनी किंवा शाखांची साखळी असलेला क्लास जीएसटी नोंदणीकृत असेल तर फीवर १८ टक्के धरावे लागतात. २,००० रुपयांची फी २,३६० होते. सांगितलेल्या फीत कर धरलेला आहे का, हे लेखी विचारा. आणि घरी शिकवणाऱ्या एकट्या शिक्षकाने फीवर वेगळा जीएसटी मागितला तर तो कशाचा, हे जरूर विचारा.

परीक्षा, स्नेहसंमेलन, अरंगेत्रम

संगीत आणि नृत्याच्या परीक्षांसाठी महाराष्ट्रात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं नाव सर्वांत परिचयाचं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, मग विशारद आणि अलंकार अशी ही चढण आहे. वर्षातून दोन सत्रं असतात. सुरुवातीच्या परीक्षांचं शुल्क कमी, वर जाल तसं वाढतं. खरा खर्च मात्र परीक्षेच्या आधीच्या महिन्यातल्या जादा वर्गांचा असतो. तबल्याच्या किंवा नृत्याच्या परीक्षेला लेहऱ्यासाठी आणि साथीसाठी वादक लागतो, त्याचं मानधन विद्यार्थ्यांत वाटून घेतात. हे पैसे फीच्या बाहेर असतात का, ते प्रवेशाच्या वेळीच विचारा.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा शासनाच्या आहेत आणि शाळेमार्फत बसता येतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून आठवी-नववीच्या सुमाराला क्लासची फी अचानक वाढते. शाळेत चित्रकलेचे शिक्षक असतील तर त्यांच्याकडेच तयारी होऊ शकते. शाळेत ही सोय असताना बाहेर हजारो रुपये भरण्याची गरज नाही.

परीक्षा द्यायलाच हवी असंही नाही. पासष्टाव्या वर्षी गाणं शिकणाऱ्या बाईंना प्रमाणपत्रापेक्षा एक राग नीट गाता येण्यात आनंद असेल, तर त्यांना परीक्षेच्या गटात ओढू नये. दृष्टिहीन किंवा हात थरथरणाऱ्या परीक्षार्थीला परीक्षा द्यायची असेल तर लेखनिकाची आणि जादा वेळेची मागणी अर्जासोबतच लेखी करावी, केंद्रावर आयत्या वेळी करू नये. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतून ही परीक्षापद्धती उभी राहिली, त्यांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली होती आणि म्हणून घरच्यांनी त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं होतं. त्या परंपरेच्या दारात दिव्यांग विद्यार्थ्याने संकोचाने उभं राहू नये.

स्नेहसंमेलन मुलांना हवं असतं आणि ते व्हावंही. पण त्याची वर्गणी ऐच्छिक आहे का, हे विचारणं हा पालकांचा हक्क आहे. पोशाख विकत घ्यायला लावण्यापेक्षा भाड्याने आणावा, किंवा क्लासनेच एक संच करून ठेवावा, असा आग्रह पालकांनी मिळून धरला तर प्रत्येक घराचे हजारभर रुपये वाचतात.

भरतनाट्यमच्या अरंगेत्रमचा, म्हणजे पहिल्या जाहीर एकल कार्यक्रमाचा, खर्च शहरात आता सहज लाखाच्या पुढे जातो. सभागृह, गायक आणि वादकांची साथसंगत, पोशाख, दागिने, निमंत्रणपत्रिका, चित्रीकरण, पाहुण्यांचं जेवण, असं सगळं त्यात येतं. त्यातला नृत्याशी संबंध असलेला खर्च साथसंगतीचा आणि पोशाखाचा. बाकीचं कार्यासारखं वाढत जातं. दोन-तीन विद्यार्थिनींनी एकत्र कार्यक्रम केला, छोटं सभागृह घेतलं आणि जेवण गाळलं तर रक्कम निम्म्याखाली येते. हे गुरूंशी दोन वर्षं आधी बोलून ठेवावं. ऐनवेळी बोललं तर मुलगी मध्ये सापडते.

वाद्य आणि साहित्य

पहिले सहा महिने वाद्य विकत घेऊ नका. गाण्यासाठी तानपुऱ्याचं मोफत ॲप मोबाइलवर मिळतं, तेवढ्यावर सराव होतो. पेटी लागेल तेव्हा शिकाऊ विद्यार्थ्याला ८ ते १५ हजारांत चालण्याजोगी मिळते, जुनी ४ ते ८ हजारांत. जुनी पेटी घेताना सगळ्या पट्ट्या बंद ठेवून भाता भरावा आणि तो किती लवकर बसतो ते पाहावं. लगेच बसला तर हवा गळते. मग प्रत्येक पट्टी एकेक दाबून सूर एकसारखा वाजतो का, पट्टी अडकते का, ते ऐकावं. सूर जुळवून घ्यायला आणि भाता दुरुस्त करायला दीड-दोन हजार लागू शकतात, ते किमतीतून कमी करून मागावेत. तबल्याची जोडी ५ ते १२ हजार. पुडी (तबल्यावरचं कातडं) बदलण्याचा खर्च येत राहतो आणि पावसाळ्यात लवकर येतो. तानपुरा किंवा सतार घ्यायचीच असेल तर मिरजेच्या कारागिरांकडे जाऊन घ्या. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी ओळखीचं दार राहतं.

वाद्य निवडताना शरीराचा विचार किमतीआधी करावा. पेटीला एक हात पट्ट्यांवर आणि एक भात्यावर लागतो. पक्षाघातानंतर एका हाताची ताकद गेलेल्या माणसाला ८ ते १२ हजारांचा साधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बरा, त्याला भाता नसतो. जमिनीवर बसता न येणाऱ्यांसाठी पेटी टेबलावर ठेवता येते आणि तबल्यासाठी उंच चौरंग सुताराकडून हजार-बाराशे रुपयांत करून मिळतो. चित्रकलेत बोटांची पकड सैल असेल तर ब्रशच्या दांड्याला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करावा. यासाठी खास साहित्याच्या दुकानात शेकडो रुपये घालवायची गरज नसते. दृष्टिहीन मुलांसाठी शाडूची माती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकं साहित्य आहे. ती पुन्हा पुन्हा वापरता येते. रंगांत सुरुवातीला शाळकरी प्रतीचे तैलखडू आणि पोस्टर कलर पुरेत, तीन-चारशे रुपयांत काही महिने निघतात. कागद मात्र जरा बरा घ्यावा. पातळ कागद पाणी धरत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय.

'विशेष' वर्ग, मदतनीस आणि थेरपी

दिव्यांग मुलाच्या पालकांना सर्वांत जास्त पैसे इथे मोजावे लागतात आणि सर्वांत कमी माहितीही इथेच मिळते.

पहिला प्रश्न असा की वेगळा वर्ग खरोखर लागतो का. कर्णबधिर मुलीला चित्रकलेच्या नेहमीच्या वर्गात पुढे बसवलं, शिक्षकांनी तिच्याकडे तोंड करून सांगितलं आणि कृती करून दाखवली, तर बहुतेक काम होतं. स्वमग्न मुलाला तबल्याचा मोठा आवाज सहन होत नसेल तर वर्ग सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं येऊन जागेची सवय करणं, कानावर आवाज कमी करणारे हेडफोन घेणं, दाराजवळची जागा मिळणं एवढ्यानेही फरक पडतो. यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसे पडत नाहीत. ज्यांना सततचा आधार लागतो त्यांना वेगळा, लहान गट लागेल आणि तिथे फी जास्त असणं रास्त आहे, कारण चार मुलांमागे एक शिक्षक आणि एक मदतनीस लागतो. पण नेहमीच्या वर्गात, काहीही जादा न देता, 'स्पेशल चाइल्ड' म्हणून दीडपट फी मागितली जात असेल तर जादा पैशांत नेमकं काय देणार ते कागदावर लिहून मागा. उत्तर मिळालं नाही तर तिथे घालू नका.

दुसरा प्रश्न थेरपीचा. 'आर्ट थेरपी', 'म्युझिक थेरपी', 'डान्स थेरपी' असं नाव लावलं की तासाचा दर ८०० ते २,००० रुपयांवर जातो. या क्षेत्रात मनापासून, शिकून काम करणारी माणसं आहेत. पण भारतीय पुनर्वास परिषद ज्या व्यावसायिकांची नोंदणी करते, त्यांच्या वर्गवारीत कलोपचारकांचा वेगळा वर्ग नाही. म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक यांच्याकडे नोंदणी क्रमांक मागता येतो, तसा इथे मागता येत नाही. मग विचारायचं ते हे: शिक्षण कुठे आणि किती वर्षांचं, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, मुलासाठी उद्दिष्टं कोणती आणि तीन महिन्यांनी प्रगती कशी दाखवणार. याची उत्तरं नसतील तर तो चित्रकलेचा वर्ग आहे आणि त्याचे पैसे चित्रकलेच्या वर्गाइतकेच द्यावेत. चित्रकलेचा चांगला वर्ग मुलाला आनंद, सवय आणि मित्र देतो. तेवढ्यासाठी त्याला उपचाराचं नाव लागत नाही.

मोठ्यांसाठीचं एक चांगलं उदाहरण पुण्यात आहे. नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या साथीने पार्किन्सन्स झालेल्यांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. जगात अशा वर्गांची सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये केली होती. खुर्चीवर बसून, खुर्चीचा आधार घेऊन हे नृत्य चालतं. अशा आजारांत स्वमदत गटाचं सभासद होणं हा सर्वांत स्वस्त मार्ग, कारण गटाच्या ओळखीने शिक्षक आणि जागा मिळते, आणि बरोबरच्या माणसाला सोबत मिळते ती वेगळीच. नाटकात स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत'सारखी नाटकं व्यावसायिक रंगमंचापर्यंत नेली. राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धांत दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही होते. मुलांची शाळा किंवा संस्था त्यात उतरत असेल तर नाटकाचं प्रशिक्षण जवळजवळ विनाखर्च पदरात पडतं.

तिसरा खर्च मदतनिसाचा. वर्गात सोबत बसायला कोणी ठेवलं तर महिन्याला दोन-तीन हजार रुपये जातात, आणि बहुतेक वेळा पैसे वाचवण्यासाठी आईच नोकरी सोडून किंवा अर्धा दिवस रजा घेऊन बसते. हा खर्च कुठल्याच हिशेबात दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम लिहून काढा. आणि क्लासला सांगा की मदतनीस सगळ्या वर्गाचा असावा. बारा जणांच्या वर्गात दोघांना मदत लागते. २,५०० रुपये त्या दोघांनीच भरले तर प्रत्येकी १,२५० पडतात, बारा जणांत वाटले तर २०८. एखादं पालक मंडळ याला नकार देईल, पण समजावून सांगितलं तर पुष्कळ जण तयार होतात. लहान मुलांच्या वर्गात जास्तीचं माणूस सगळ्यांच्याच कामी येतं.

सवलती ज्या मागाव्या लागतात

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढून घ्या. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, शुल्क नाही, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. पुढचं बरंचसं यावर अवलंबून आहे. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि दिव्यांगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही निम्मी सवलत मिळते. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्म्या भाड्यात, आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. शहर बससेवांच्या दिव्यांग पासची चौकशी आपापल्या महापालिकेत करावी. वरच्या नमुना हिशेबात रिक्षाने एक तृतीयांश पैसे खाल्ले होते, ते आठवलं की या सवलतींची किंमत कळते.

ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीतला ५ टक्के भाग दिव्यांग कल्याणासाठी राखायचा असतो. तो बहुधा साहित्यवाटपात आणि अनुदानात जातो. तळमजल्यावरच्या सार्वजनिक सभागृहात आठवड्यातून दोन तास कलावर्गासाठी जागा आणि शिक्षकाचं मानधन मिळावं, असा अर्ज पाच-दहा कुटुंबांनी मिळून दिला तर त्याला वजन येतं. अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या कलम २९ चा उल्लेख करा. सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात सहभागी होण्याचा हक्क आणि त्यासाठी शासनाने करायची तजवीज त्यात लिहिली आहे. दाद मागण्यासाठी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे.

शिष्यवृत्तीत केंद्र सरकारच्या सीसीआरटीची (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) योजना १० ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. वर्षाला ३,६०० रुपये आणि गुरूची फी ९,००० रुपयांपर्यंत परत मिळते, दिव्यांग मुलांसाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवल्या आहेत. १८ ते २५ वयाच्या कलाकारांना सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये. दोन्हींना निवड चाचणी असते, त्यामुळे हे पैसे मिळतीलच असं धरून क्लास निवडू नये.

जवळ क्लासच नसेल तर

बारा जण जमवा. सोसायटीचं सभागृह, वाचनालयाची खोली, देवळाचा सभामंडप यांपैकी काही मिळतं का पाहा. आठवड्यातून दोनदा, एकेक तास शिकवायला येणाऱ्या शिक्षकाचं मानधन ६,००० रुपये धरा, जागेचे १,५००, मदतनिसाचे २,५००. महिन्याला १०,००० रुपये होतात, म्हणजे प्रत्येकी ८३४ रुपयांच्या आत. शिक्षकाचं मानधन ठरलेलं असू द्या, उपस्थितीवर ठेवू नका. पावसाळ्यात चार जण आले नाहीत म्हणून शिक्षकाचं उत्पन्न कमी झालं तर तो पुढच्या हंगामात येणार नाही. त्यासाठी सगळ्यांकडून तीन महिन्यांची वर्गणी आधी घ्या आणि एकाने वहीत हिशेब ठेवावा. दोघांना परवडत नसेल तर उरलेल्या दहांनी हजार-हजार द्यावेत. हे आधीच मोकळेपणाने ठरलेलं असलं की कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

पैसे भरताना

वर्षाची फी एकदम भरली तर दहा-पंधरा टक्के सूट मिळते म्हणून भुलू नका. नव्या क्लासला महिन्याची किंवा फार तर तीन महिन्यांची फी भरा. दोन वर्ग चाचणी म्हणून बघू द्या असं सांगा. लहान आणि दिव्यांग मुलांच्या बाबतीत तर पालकांना वर्गात बसू दिलं जातं का, हे पाहा. जो क्लास दार बंद ठेवण्याचा आग्रह धरतो, तो फी कितीही कमी असली तरी टाळावा. मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळतील हे पावतीवर लिहून घ्या. 'फी परत मिळणार नाही' असं छापलेलं असलं म्हणून शिक्षकच निघून गेले किंवा वर्गच बंद पडला तरी गप्प बसावं लागतं, असं नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवा बंद करून पैसे परत करायला पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं हीही तशीच प्रथा आहे. आधी क्लासला लेखी पत्र द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तिथे मराठीत बोलता येतं. त्यानेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क शून्य आहे आणि वकील लावावाच असं नाही. पूर्ण मोफत वर्गाला हा कायदा लागू होत नाही. फीच्या पावत्या, वेळापत्रकाचे मेसेज आणि रद्द झालेल्या वर्गांच्या तारखा पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवा.